बुडख्याला किती सीसी लागतात?

मागच्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं आमच्या विहिरीवरची चिंच मोडली. उन्मळली असती तर एका दिवसाचं काम होतं. पण ती कमरेएवढ्या उंचीवर कडाडली आणि नांगरून ठेवलेल्या रानात आडवी झाली. फांद्या आठ दिवसांत जळणाला गेल्या, खोड आरा मशीनवर गेलं. राहिला बुडखा. जमिनीलगत सव्वाचार फूट रुंद, मुळांचे पंखे चारी बाजूंना पसरलेले आणि एक बाजू विहिरीच्या दगडी बांधकामाला खेटलेली.

तुम्ही म्हणाल, जेसीबी बोलवा. बोलावला होता. ड्रायव्हर खाली उतरला, विहिरीत डोकावला आणि परत वर चढून बसला. "मुळ्या बांधकामात शिरल्यात, भाऊ. मी ओढलं की विहीर पण येती सोबत." विहीर पणजोबांची, परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हाची. काठाचे दोन दगड आधीच पुढं सरकलेले. गवंडी म्हणतो, बुडखा निघाल्याशिवाय मला त्या बाजूला बसायला जागा नाही. म्हणजे एकच वाट उरली. मुळं जिथं आहेत तिथं राहू द्यायची आणि वरचा भाग कापून उतरवायचा.

आमच्या गावात चेन सॉ असलेला एकच माणूस आहे. नात्यानं कोणी लागत नाही, पण सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांची मशीन ५८ सीसीची, २२ इंची पात्याची, तालुक्याच्या दुकानातून घेतलेली. त्यांनी अर्धा तास जोर लावला. धूर झाला, पिठासारखा बारीक भुसा पडला, पातं चार बोटं आत गेलं आणि थांबलं. वडील शांतपणे म्हणाले, "मशीन नुसती दाढी करायलीय त्याची."

त्या रात्री मी मोबाईल घेऊन बसलो. मोठ्या, टणक बुडख्यासाठी दांडगी मशीन कोणती? दोन-तीन तासांत मॉडेलांची नावं पाठ झाली. पण अडकलो भलतीकडं. हे यंत्र इथवर आलं कसं, आणि बुडख्यापुढं येऊनच ते का अडतं, हे वाचत बसलो.

सुरुवातीलाच एक रील समोर आली, बहुधा तुम्हीही पाहिली असेल. 'चेन सॉचा शोध बाळंतपणासाठी लागला!' हे अर्धं खरं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधले जॉन एटकन आणि जेम्स जेफ्री हे दोन डॉक्टर बारीक दातांची साखळी वापरत होते. ती घड्याळातल्या साखळीसारखी, दोन टोकांना मुठी असलेली आणि हातानं ओढायची. अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेच्या हाडांचा जोड मोकळा करणं, किंवा सडलेलं हाड काढणं, हे तिचं काम. १८३० मध्ये जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी पात्याभोवती फिरणारी साखळी आणि ती फिरवायला हँडल असं हाड कापायचं उपकरण केलं. ते मात्र दिसायला आजच्या चेन सॉच्या बरंच जवळ आहे. पण त्या उपकरणातून लाकडाची मशीन निघाली असं म्हणायला आधार नाही. लाकूडवाले आपल्या वाटेनं आले. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्सनं न संपणाऱ्या साखळीच्या करवतीचं पेटंट घेतलं, ते कॅलिफोर्नियातल्या अवाढव्य रेडवुड झाडांसाठी.

त्या काळात आपल्याकडं काय होतं? कुऱ्हाड, करवत आणि दोन माणसांचा आरा. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली खड्ड्यात. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो आणि सगळा भुसा खालच्याच्या डोळ्यात. आजही आपण यांत्रिक कारखान्याला 'आरा मशीन' म्हणतो, तो शब्द तिथला. पण आरा ओंडक्यासाठी. बुडख्याला तो लागूच होत नाही, कारण बुडखा उचलून खड्ड्यावर नेता येत नाही. बुडख्यासाठी कुदळ, पहार, घण, लोखंडी पाचरी आणि दिवस. चार-चार, सहा-सहा दिवस. कधी भोवती खणून आत शेणी आणि पालापाचोळा घालून जाळायचा. धुमसत राहतो आठवडाभर.

आणि एवढे कष्ट करण्याला कारण होतं, जे आपल्या पिढीला ठाऊक नाही. बुडखा हा झाडाचा वाया गेलेला भाग नव्हता. खोड जिथं मुळांत उतरतं तिथं लाकडाचे धागे एकमेकांत गुंततात, वळसे घेतात. असं लाकूड सहजी उलत नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, ज्यात सगळे आरे ठोकून बसवतात, तो उलणाऱ्या लाकडाचा करून चालत नाही. तेलाच्या घाण्याला भक्कम बुंधा लागायचा. खाटकाच्या दुकानात ज्याच्यावर मटण तोडतात तो गोल ठोकळा बघा, तो बहुतेक चिंचेचाच असतो. रोज हजार घाव बसतात, पण ढलप्या उडत नाहीत. आपल्या भागातला सुतार बाभळीकडं बघूनच सांगायचा की हिच्यात वखर आहे, तिफण आहे की चाक. पुढं टायरगाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले, आणि लाकडी चाकाबरोबर बुडख्याची ही किंमतही गेली. आता तो फक्त अडथळा.

जर्मनीकडं परत जाऊ, कारण आजच्या मशीनचा जन्म तिथला. १९२६ साली स्टुटगार्टमध्ये आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत केली. वजन ६४ किलो. दोन माणसांनी दोन टोकांना धरायची आणि तारेला जोडलेली, म्हणजे जंगलात उपयोग नाही, लाकडाच्या वखारीतच. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखवली आणि डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. १९२९ मध्ये श्टीलची पेट्रोल मशीन आली. ४६ किलो वजन, सहा अश्वशक्ती. तीही दोघांनीच उचलायची.

हा आकडा लक्षात ठेवा, सहा अश्वशक्ती. १९५० साली त्याच कंपनीनं एका माणसानं वापरायची १६ किलोची पेट्रोल मशीन काढली. आणि १९५९ मध्ये 'कॉन्ट्रा' आली, तीही सहा अश्वशक्तीची, वजन मात्र १२ किलो. तीस वर्षांत ताकद तेवढीच राहिली आणि ३४ किलो वजन गळून गेलं. मला चेन सॉच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच वाटते. यंत्र तीस वर्षं बलवान होत नव्हतं, हलकं होत होतं. हलकं झालं आणि दुसऱ्या टोकाचा माणूस कामावरून गेला.

तो माणूस गेल्याचा हिशेब पुढं काही वर्षांनी लागला. इंजिनाचा हादरा आधी चार हातांत वाटला जायचा, आता तो दोनच हातांत. युरोपातल्या लाकूडतोड्यांची बोटं थंडीत पांढरी पडू लागली, बधिर होऊ लागली. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, आणि साठच्या दशकापासून कंपन्यांनी मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग घालायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात साखळीचा ब्रेक आला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर सगळी मशीन उसळून तोंडाकडं येते, तेव्हा डाव्या हाताच्या पुढची आडवी दांडी ढकलली जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. मशीन घेताना दुकानदार सीसी सांगेल, ही दांडी दाखवणार नाही. तुम्ही मागून बघा. इंजिन चालू असताना ती पुढं ढकलल्यावर साखळी थांबत नसेल, तर मशीन कितीही स्वस्त असू द्या, घेऊ नका.

मामांच्या मशीनला ती दांडी होती. आतला पट्टा तुटून किती महिने झाले, ते त्यांना आठवत नव्हतं. "लागतंय कशाला ते," म्हणाले. सकाळी चहाचा कप मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, पकड राहत नाही. वय पन्नासही नाही.

बुडख्याच्या दृष्टीनं बघितलं तर दोन शोध अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचे निघतात, आणि दोन्हींची फारशी चर्चा होत नाही.

पहिला कार्ब्युरेटरचा. जुन्या मशीनींत पेट्रोलची पातळी राखायला तरंगता फ्लोट असायचा, जुन्या स्कूटरला असतो तसा. मशीन आडवी केली की पेट्रोलचा हिशेब चुकायचा आणि इंजिन बंद. आता विचार करा, उभं झाड तोडताना आणि बुडखा कापताना पातं कसं धरतो? जमिनीला समांतर. म्हणजे मशीन कुशीवर. म्हणून तेव्हाच्या मशीनींत इंजिन सरळ ठेवून फक्त पातं वळवायची सोय करावी लागे, वजन आणखी वाढायचं. पडद्याचा कार्ब्युरेटर आला आणि मशीन कशीही धरा, चालायला लागली. तो पातळ पडदा आजही जवळपास प्रत्येक पेट्रोल चेन सॉमध्ये आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पावसाळाभर टाकीत राहिलं तर सगळ्यात आधी तोच कडक होतो.

दुसरा शोध दातांचा, आणि तो एका बुडख्यातूनच आला. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. तेव्हाच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे सरळ, लाकूड ओरबाडणारे. सारखी कानस मारावी लागे. कॉक्सला एका बुडख्यात बोटाएवढी जाड अळी दिसली. ती धडधाकट लाकडातून उभी-आडवी कशीही वाट काढत होती. त्यानं तिचे जबडे निरखले. एक डावीकडं वळलेला, एक उजवीकडं, 'सी' अक्षरासारखे. तसेच दात त्यानं साखळीला केले, एक डावा, एक उजवा, आणि १९४७ मध्ये घराच्या तळघरात कारखाना सुरू केला. आज जगातली जवळपास प्रत्येक साखळी त्याच घडणीची आहे. मामांचीसुद्धा. आपल्या आंब्यांना पोखरणारा भिरूड आहे ना, त्याचं आणि कॉक्सच्या अळीचं कूळ एकच, लांब मिशांच्या भुंग्यांचं. आपल्याकडंही बागवान लोक पिढ्यान् पिढ्या त्या अळीला तारेनं टोचून काढत आलेत. तिचे जबडे कुणी निरखून पाहिले की नाही, कोण जाणे.

आता खरेदीकडं. मी जे शिकलो ते सांगतो, कारण ही माहिती मला एका ठिकाणी मिळाली नाही.

सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान, एवढंच. डब्यावरचा आकडा आणि मोजून येणारा आकडा एक असेलच असं नाही. माहितीपत्रकात बोअर आणि स्ट्रोक दिलेले असतात, ते घेऊन मोबाईलवर गुणाकार करा. बोअर ४५.२ मिमी आणि स्ट्रोक ३४ मिमी असेल तर उत्तर साडेचोपन्न सीसी येतं, मग डब्यावर ५८ लिहिलेलं असो की आणखी काही. त्याहून महत्त्वाचा आकडा किलोवॅटचा. पन्नास-साठ सीसीच्या स्वस्त मशीनी अडीच किलोवॅटच्या आसपास घुटमळतात. श्टीलची एमएस ६६१ ही सुमारे ९१ सीसीची मशीन ५.४ किलोवॅट देते. एमएस ८८१ तर जवळपास १२२ सीसीची, ६.४ किलोवॅट, पण इंजिनाचंच वजन दहा किलोच्या घरात. हस्कव्हार्नाची ३१२० एक्सपी तिच्याच तोडीची. मोठ्या बुडख्यांसाठी जगभर लोक नव्वद सीसीच्या पुढंच बघतात, हे खरं आहे.

का, तेही समजून घ्या. पातं लांब झालं की एका वेळी जास्त दात लाकडात रुततात. ताकद कमी असेल तर साखळीचा वेग पडतो, दात कापायचं सोडून घासायला लागतात, घासले की तापतात, तापले की बोथट. मामांच्या मशीनचा धूर तो होता. पिठासारखा भुसा हीच त्याची खूण, धारेची साखळी भाताच्या तुसाएवढ्या चकत्या फेकते. म्हणून छोट्या इंजिनाला लांब पातं लावणं ही सगळ्यात महागात पडणारी हौस आहे. आणि लाकूड कोणतं, तेही आहेच. ओली बाभूळ सुखानं कापली जाते, तीच वाळली की धार टिकू देत नाही. चिंचेचं बाहेरचं पिवळसर लाकूड त्या मानानं बरं, पण आतला जांभळट काळा गाभा वाळला की हातकरवतीनं नादच सोडावा. आमचा बुडखा मोडून महिना झाला होता. आणखी एक उन्हाळा गेला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण खरा शत्रू यातला कोणीच नव्हता. माती होती. बुडख्याच्या सालीत पिढ्यान् पिढ्यांचे खडे, मुरूम आणि काळी माती बसलेली असते. विहिरीवरच्या झाडाला वर खिळे असतात, तारा असतात, दोरखंड अडकवायला कुणी कधी ठोकलेली कडी असते. रस्त्याकडेच्या झाडांत तर निवडणुकांच्या पाट्यांचे खिळे. साखळी मातीला एकदा लागली की बास, १२२ सीसीचं इंजिनही मग बोथट साखळीच फिरवणार.

मोठी मशीन आम्ही घेतली नाही. किंमत विचारली आणि घरात दोन दिवस तो विषय कुणी काढला नाही. एका बुडख्यासाठी एवढे पैसे घालायचे आणि नंतर ती मशीन घरात ठेवायची कशाला? झाडं शोधत फिरायला? जिल्ह्यात आधीच जंगल नावालाच, रस्ते रुंद झाले तशी कडेची जुनी झाडंही गेली. चिंच, आंबा, साग अशी झाडं स्वतःच्या रानातली असली तरी तोडायला १९६४ च्या कायद्यानं वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हेही गावात निम्म्यांना माहीत नाही. वडील म्हणाले, "घरात कुऱ्हाड असली की हात शिवशिवतात. ही तर मशीन." या मुद्द्यावर माझं त्यांच्याशी पूर्ण पटतं असं नाही, पण पैसे त्यांचे होते.

मग जुन्या पद्धतीनं विचार केला. दोन दिवस मी आणि चुलतभावानं बुडख्याभोवतीची माती वीतभर खाली उकरली. विहिरीच्या पंपाचा पाईप लावून मुळांचे पंखे धुतले, तारेच्या ब्रशनं घासले, कापायच्या रेघेवरची साल कुऱ्हाडीनं सोलून काढली. सालीत एक नाल सापडला, बैलाचा, पूर्ण गंजलेला. मामांच्या मशीनवर तो लागला असता तर काय झालं असतं, हे बघून मामाच गप्प झाले. दोन नव्या साखळ्या आणल्या. ब्रेकचा पट्टा बदलून घेतला, त्याशिवाय मशीन सुरू करायची नाही असं वडिलांनी बजावलं होतं. मामांनी तोंड वाकडं केलं, पण बसवू दिला.

मग आधी पंखे उतरवले, एकेक करून, विहिरीची बाजू सोडून. त्यानं सव्वाचार फुटांचा बुडखा तीन फुटांच्या आत आला. दोन्ही बाजूंनी मिळून २२ इंची पातं मध्यापर्यंत पोचतं, हे गणित आदल्या रात्री कागदावर करून ठेवलं होतं. अर्धी टाकी झाली की मशीन थांबवायची, साखळीवर कानस मारायची, मामांनी हात झटकून बसायचं. तेवढ्या वेळात कापात पाचरी ठोकायच्या, म्हणजे पातं चेंबत नाही. पहिल्या दिवशी निम्मं झालं. गाभ्याला पोचलो तेव्हा भुशाचा रंग बदलला, चॉकलेटसारखा झाला आणि आंबूस वास सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला वरची चकती सुटली. पहारी घालून चौघांनी ती ढकलली.

विहिरीच्या बाजूची मुळं तशीच ठेवली आहेत. गवंड्यानं दोन्ही दगड मागं सारून चुन्या-सिमेंटात बसवले. पावसाळ्यात कापलेल्या कडेनं फुटवे आले, आई धुणं धुता धुता ते खुडून टाकते. एखादा राहिलाच तर शेळी बघून घेते.

चकती पंधरा दिवस अंगणात पडून होती. मग परभणीचे एक खाटीक काका ती बघायला आले. त्यांनी बोटानं गाभा वाजवला, वितीनं माप घेतलं, एका बाजूला गेलेली बारीक भेग नखानं तपासली. "हिला सावलीत ठेवा, वरनं ओलं पोतं टाका," म्हणाले, "दिवाळीनंतर नेतो." किंमत सांगितली ती आमच्या दोन साखळ्यांची आणि पेट्रोलची भरपाई करून थोडी उरेल एवढी. मामांनी त्यातले पैसे घेतले नाहीत. त्यांना फक्त ब्रेकचा जुना तुटका पट्टा परत हवा होता, दुकानदाराला दाखवायला.